उजळलेला चेहरा

नात अनुया प्रायमरी वनमध्ये, म्हणजे पहिलीत गेली, ते २०१९ साल. आम्ही दोघं तेव्हा परदेशात, बेडोकला लेकीकडे, अनघाच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. ह्यांचं यकृत निकामी झालं होतं. अंग पिवळं पडलं होतं आणि डोळ्यांना उजेड सोसत नव्हता, म्हणून खोलीचे पडदे दिवसाही ओढलेले असत. दिवाळीपर्यंत राहतील असं धरून चालू नका, असं डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच अनघाला सांगितलं होतं.

मुलगा शैलेंद्र मेलबर्नला. विमानाने साडेसात तास. त्याने एकदा येऊन बापाला भेटावं, एवढंच मला हवं होतं. ह्यांनी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण दाराची घंटा वाजली की मान तिकडे वळायची.

मी पन्नाशीनंतर लिहायला शिकले, मेसेजच्या दोन ओळींनाही मला वेळ लागतो. मी लिहिलं, बाबांना बरं नाही, तू ये. सोबत फोटो पाठवला. त्यात काळोख होता आणि उशीचा एक कोपरा. शैलेंद्रने कळवलं, आई, काहीच दिसत नाही, नीट काढ ना.

म्हणून शिकले. अनुयाने शिकवलं. "नो फ्लॅश लाह, आजी," हे तिचं पहिलं वाक्य, शेवटी तिकडच्या मुलांचं 'लाह' लावून. झूम करायचं नाही, आपण जवळ जायचं. कोपरं पलंगाच्या कठड्यावर टेकवायची. पडद्याला बोटभर फट ठेवायची, म्हणजे उजेड बाजूने गालावर येतो. फोनच्या काचेवर चेहऱ्याला बोट लावायचं. अनघाच्या नव्या फोनात नाइट मोड होता. त्यात तीन सेकंद श्वास धरून राहायचं, पुढचं फोनच करतो.

"लग्नातसुद्धा इतका वेळ माझ्याकडे बघितलं नव्हतंस," हे म्हणाले.

"तेव्हा तुम्ही स्वस्थ बसत नव्हता."

तीन आठवड्यांत हात बसला. एक फोटो असा आला की मी बघतच राहिले. पिवळा रंग फोनने काढून टाकला होता, गालांचे खड्डे मऊ केले होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटला. लगेच पाठवला.

शैलेंद्रचा फोन आला. "वा, आई! बाबा किती फ्रेश दिसतात. मी उगाच घाबरलो होतो. डिसेंबरचं तिकीट काढतो, मुलांनाही सुट्टी असते."

मी म्हटलं, अरे, ते तसे नाहीत. तो म्हणाला, मी बघितलं ना. अनघा ऑफिसातून निघाली की रॅफल्स प्लेसच्या एमआरटी, म्हणजे मेट्रोच्या स्टेशनात उभी राहून फोनवर त्याच्याशी भांडायची. त्याचं एकच उत्तर, तू दमली आहेस म्हणून तुला तसं वाटतं, आईचे फोटो बघ.

मग मी ठरवलं, आहे तसं दाखवायचं. एका दुपारी ह्यांना म्हटलं, एक क्षण सोसा, आणि पडदा पूर्ण सरकवला. ह्यांनी कळवळून दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. माझं बोट तेवढ्यात बटणावर पडलं होतं. तोच फोटो पाठवला, दुसरा काढायची हिंमत नव्हती. शैलेंद्रने हसरे चेहरे पाठवले आणि लिहिलं, बाबा लाजतात काय.

मी ते ह्यांना वाचून दाखवलं. वाचायला नको होतं.

"बास आता," हे म्हणाले. "तू 'ये' लिहिलं होतंस. त्याला ते वाचता आलं नाही." मग भिंतीकडे वळले. त्यानंतर घंटा वाजली तरी मान हलली नाही.

त्यानंतर मी फोटो काढला नाही. शैलेंद्रने दोनदा मागितला. मी उत्तर दिलं नाही, तर त्याने अनघाला विचारलं, आई रागावली आहे का.

माझे यजमान पद्माकर रामचंद्र शेलार ११ ऑक्टोबर २०१९ रोजी, शुक्रवारी सकाळी सव्वादहाला, बेडोकच्या घरी वारले. शैलेंद्र शनिवारी संध्याकाळी पोचला.