मृणालीच्या रिकिबीचे पट्टे

मृणालीच्या रिकिबीचे पट्टे मी निवडले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी चांगदेव सरांकडे किंवा त्या मुक्या घोडीकडे बोट दाखवायला नको. मी तिची आत्या, पार्वती. लग्न झालं, मोडलं आणि गेली बावीस वर्षं पडघ्याला धाकट्या भावाच्या घरात आहे. माझ्या तोंडाला लागायला घरात कुणी धजत नाही, भाऊ केसरीनाथसुद्धा नाही. कुणी धजलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

आम्ही बैलांचे छकडे पळवणारी माणसं. हायवेलगतच्या आमच्या शेतांवर गोदामं उभी राहिली तेव्हा केसरीनाथने एक तुकडा मोकळा ठेवला आणि दोन हजार पाच साली, लेकीच्या हट्टापायी, शर्यतीतून काढलेली एक तपकिरी घोडी तिथे आणून बांधली. पण पोरीला घोडी पळवायची नव्हतीच. तिला ड्रेसाज शिकायचं होतं. म्हणजे घोडीला मोजक्या पावलांनी, वळणं घेत, तालात चालवायचं आणि वर बसलेला माणूस काही करतोय हे बघणाऱ्याला कळूही द्यायचं नाही. गावातली माणसं हौसेने बघायला यायची, घोडी पळत का नाही म्हणून विचारायची आणि घरी जायची.

शिकवायला चांगदेव सर होते, लष्करातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. त्यांचं नि माझं कधी जमलं नाही. ते माझं सगळं ऐकून घेत आणि मग स्वतःला हवं तेच करत. मला असली माणसं आवडत नाहीत.

दोन हजार सातच्या डिसेंबरात पुण्याला स्पर्धा होती. मृणाली सतरा वर्षांची. वर्षभर तिने दुसरं काही बघितलं नव्हतं. ऑक्टोबरात एकदा ती आंघोळ करून आली तेव्हा मला तिच्या मांड्या दिसल्या. दोन्हीकडे आतल्या बाजूला अंड्याएवढे काळेनिळे डाग, आणि डावीकडचं कातडं सोललेलं. मी विचारलं तर म्हणाली, बकल टोचतं. या चालीत पाय लांब सोडून खोगिराला चिकटवून बसावं लागतं. पाय ठेवायची रिकीब ज्या पट्ट्याला लटकते त्याचं बकल नेमकं मांडीखाली येतं, त्यावर तासन् तास मांडी घासते. ती दुखू नये म्हणून पोर गुडघा थोडा बाहेर काढायची, आणि गुडघा बाहेर आला की सर ओरडायचे. म्हणजे मार दोन्हीकडून.

मग मी पट्ट्यांच्या मागे लागले. मी एखाद्या गोष्टीच्या मागे लागले की ती गोष्ट धन्य होते. मुंबईच्या दुकानातून तीन जोड आणले. पहिला इतका जाड की बकलाशिवायही टोचेल. दुसरा मऊ, लोण्यासारखा, पण पंधरा दिवसांत डावा पट्टा दोन भोकं लांब झाला, कारण घोडीवर चढताना सगळा भार डाव्या रिकिबीवर पडतो. तिसरा आतून नायलॉनचा, त्याच्या कडा कापायच्या. दुकानदार म्हणाला, परदेशात एकपदरी पट्टा मिळतो, त्याचं बकल वर नसतंच, खाली रिकिबीपाशी असतं, मांडीखाली नुसतं सपाट चामडं. पण मागवला तर फेब्रुवारीत येईल. मी म्हटलं, एवढ्याशा पट्ट्यासाठी फेब्रुवारी कशाला, आमच्या भिवंडीत चामडं कापणारे हात काय कमी आहेत?

हात होते ते नारपोलीच्या गुलाम हुसेन चाचांचे. जन्मभर त्यांनी पॉवरलूमचे पट्टे केले. मागावरचा धोटा इकडून तिकडे फेकणारा जो दांडा असतो, त्याला ओढणारा म्हशीच्या चामड्याचा पट्टा. एका शिफ्टमध्ये हजारो हिसके खातो आणि तरी ताणत नाही. आमच्या वडलांच्या बैलांच्या साजाचं सगळं चामडंही त्यांच्याच हातचं. मी जुना पट्टा पुढे ठेवला आणि हवं ते सांगितलं: एकपदरी, ताणणार नाही, पण कातड्याला लागणारही नाही. चाचांनी त्याचा वास घेतला, दाताने चावून बघितला आणि आठ दिवस मागून घेतले.

आठ दिवसांनी जो जोड हातात आला त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. रुंदीला दोन बोटं, कडा घासून गोल केलेल्या, तेल पाजून पाजून मऊ केलेलं चामडं. वरच्या टोकाला नुसता एक फासा, जो खोगिराखालच्या लोखंडी दांडीवर अडकवायचा. बकल खाली, घोट्यापाशी. चांगदेव सरांनीसुद्धा पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघितला आणि मान हलवली. त्यांनी मान हलवणं म्हणजे दुसऱ्या माणसाने पेढे वाटणं. मृणाली तासभर बसून उतरली आणि माझ्या गळ्यात पडली. तेव्हा मला फार बरं वाटलं. एवढं बरं मला पुष्कळ वर्षांत वाटलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर सरांच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि ते तीन आठवडे गावी गेले. स्पर्धा तोंडावर असताना जातात म्हणून मी त्यांच्यामागे बडबड बडबड बडबडले. ते गेल्यावर चौथ्या दिवशी मृणाली पडली. घोडी वळणावर दचकली, पोर मागे घसरून वाळूत बसकण मारून पडली आणि हसतच उठली. मी धावत गेले तेव्हा तिच्या शेजारी वाळूत रिकीब पडलेली होती, पट्ट्यासकट. दांडीवरून पट्टा निघून आला होता.

मी बघितलं ते एवढंच. मला वाटलं, पट्टा निसटला म्हणून पोर पडली. पोर पडली म्हणून पट्टा निसटला, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आमच्याकडे छकड्याचा पट्टा सुटला की तो बांधणाऱ्याची गावभर लाज निघते. त्याच दुपारी तो पट्टा पिशवीत घालून मी नारपोलीला गेले आणि चाचांना नाही नाही ते बोलले.

म्हातारा माणूस पांढराफटक पडला. म्हणाले, ‘‘पार्वती, चाळीस वर्षां झाली, माजा पट्टा कदी निसटला न्हाय.’’ मग त्यांनी मला आपल्या भावाचं सांगितलं. दुसऱ्या कुणी केलेला पट्टा मागावरून सुटला, धोटा बाहेर उडाला आणि शेजारच्या मागावर ड्युटीला उभ्या असलेल्या भावाचा डोळा गेला. चाचा पट्टे करायला लागले ते त्यामुळे. मागावर सुटलेला पट्टा म्हणजे कुणाच्या तरी अंगावर आलेला घाव, हे भिवंडीत लहान पोरालाही कळतं.

दुसऱ्या दिवशी ते सुई, मेणाचा दोरा आणि आरी घेऊन पडघ्याला आले. खोगीर उलटं करून बघितलं. दांडीचं मागचं टोक उघडंच होतं, पट्टा तिथूनच सरकून निघाला असणार. ज्याने केलं त्याने काम अर्धवट सोडलंय, असं ते म्हणाले आणि मीही तेच म्हणाले. मग त्यांनी त्या उघड्या टोकावरून चामड्याची एक पट्टी घेतली आणि खोगिराच्या दोन्ही बाजूंना तशीच दुहेरी शिलाई मारली. इतकी बारीक की बोट फिरवलं तरी लागू नये. दोन तास लागले. जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत, लाज वाटत होती त्यांना.

संध्याकाळी खोगीर चढवताना मृणालीने त्याच्या बाजूच्या लोंबत्या झडपेखाली हात घातला आणि थांबली. मला म्हणाली, ‘‘आत्या, हे सरांना विचारलंस का?’’

सरांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. पण मी त्या माणसाला विचारायला जाणार? तो तिकडे नातवंडाचं कौतुक करत बसलेला आणि इकडे सगळं मी निस्तरते आहे. मी म्हटलं, हो, विचारलं, चालेल म्हणाले. पोरीने मान डोलावली आणि वर चढली. ती माझ्यावर कधी संशय घ्यायची नाही. उतरल्यावर म्हणाली, आता पट्टा जागचा हलतसुद्धा नाही.

त्यानंतर नऊ दिवस तिच्या मांडीवर एकही डाग उठला नाही. जुने डाग पिवळे होऊन जात होते, मी रोज बघत होते.

दहाव्या दिवशी सकाळी साडेआठला शेजारच्या गोदामाचं शटर वरून सुटून धाडकन खाली आलं. घोडी उधळली. मृणाली उजवीकडे पडली, आणि पाय रिकिबीत घोट्यापर्यंत गेलेला. पट्टा दांडीवरून निघाला नाही. तो ताणला नाही, तुटला नाही, कुठे उसवलाही नाही. घोडी रिंगणाचं फाटक ओलांडून गोदामांच्या सिमेंटच्या रस्त्यावर गेली आणि पोरीला बरोबर घेऊन गेली. पाण्याच्या टाकीपाशी हमालांनी घोडीला अडवलं. चाकूने पट्टा कापायला त्यांना किती वेळ लागला ते मी सांगणार नाही. ठाण्याच्या हॉस्पिटलात मृणाली दोन दिवस होती, पण ती शुद्धीवर आली नाही.

चांगदेव सर सरणाच्या वेळेला पोचले. तिसऱ्या दिवशी ते पागेत गेले आणि मला बोलावून घेतलं. खोगीर उलटं करून त्यांनी शिलाईवर अंगठा ठेवला. म्हणाले, ‘‘बाई, हे टोक उघडंच ठेवायचं असतं. माणूस पडला की पट्टा आपोआप निघून येतो, म्हणजे तो फरफटत जात नाही.’’ शिवलं कुणी हे त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे बघून त्यांना कळलं असावं. केसरीनाथला तुम्ही सांगा, मी सांगणार नाही, एवढं म्हणून ते गावी निघून गेले.

मी सांगितलं नाही. केसरीनाथ घोडीला शिव्या घालत होता, शटरवाल्याला शिव्या घालत होता, आणि मी त्याला घालू दिल्या. जेवणाचं ताट त्याच्यापुढे ठेवायचे आणि आत जायचे. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला गप्प बसणं इतकं सोपं जाईल असं मला वाटलं नव्हतं.

तेराव्यानंतर गुलाम हुसेन चाचा आले. एसटीने आले, एकटेच. ओटीवर केसरीनाथजवळ बसले, त्याचा हात हातात धरला. मी पाणी घेऊन आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

‘‘पार्वती, खरां सांग. पट्टा निसटला व्हता काय?’’

मी म्हटलं, ‘‘नाही चाचा. नाही निसटला.’’

त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अल्लाचा शुक्र, असं पुटपुटताना ऐकू आलं. मग रडले. इतके दिवस झोप लागली नाही, म्हणाले, रोज वाटायचं की आपलीच शिलाई उसवली असेल. मला वाटलं, झालं, एवढं ओझं तरी उतरू दे म्हाताऱ्याचं. खोटं तर मी बोललेच नव्हते. निदान एक माणूस या सगळ्यातून धड सुटतोय तर सुटू दे, असं ठरवून मी तांब्या उचलला.

तेवढ्यात चाचांनी डोळे पुसले आणि केसरीनाथला सांगायला लागले. टेमघरच्या प्रितेशचा बाप काल नारपोलीला आला होता. तो प्रितेशही चांगदेव सरांकडेच शिकायचा, मृणालीचे पट्टे त्याने पाहिले होते, त्याला अगदी तसेच हवे होते. ‘‘मी हो म्हनलो,’’ चाचा म्हणाले. ‘‘परवा जातंय. त्याच्या खोगिराला पन तशीच शिलाय मारून देतंय. पोरीच्या नावानं.’’

केसरीनाथने बरं आहे अशी मान हलवली.

मी तांब्या खाली ठेवला. दाराला धरून उभी राहिले. ‘‘चाचा, शिलाई मारू नका,’’ मी म्हटलं. ‘‘ते टोक उघडंच ठेवायचं असतं. माणूस पडला की पट्टा निघून यायला हवा.’’

त्यांना पटकन कळलं नाही. कळायला नकोच होतं त्यांना, पण मी बघत होते आणि ते हळूहळू त्यांच्या तोंडावर चढत गेलं. त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, ‘‘म्हंजे निसटला आसता तर?’’

‘‘तर उठून बसली असती. पहिल्यांदा बसली तशी.’’

गुलाम हुसेन चाचांनी आपले दोन्ही हात मांडीवरून उचलले आणि कुठे ठेवावेत ते न कळून तसेच हवेत धरले. मी घाईघाईने बोलत सुटले. त्यांचा काही दोष नाही, मी आणलं त्यांना, मी शिवून घेतलं, सरांना फोन करायला दोन मिनिटं लागली असती आणि मी केला नाही. आणि मृणालीने मला विचारलं होतं, सरांना विचारलंस का म्हणून, तेव्हा मी हो म्हटलं होतं.

केसरीनाथने चाचांचे हात धरून खाली त्यांच्या मांडीवर ठेवले. मग माझ्याकडे बघितलं. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

‘‘ताई, पोरीनं तुला इचारला व्हता?’’

मी हो म्हटलं.