खांद्यावरची तीन बोटं

कार्ड माझ्या तळहाताएवढं. वरच्या अर्ध्या भागात लंबगोलात कापलेला एका तरुणाचा फोटो, खाली नाव, मृत्यूचं साल एकोणीसशे चौसष्ट आणि एक छोटी प्रार्थना. कापणाऱ्याने कान, कॉलर, खांदे सगळं नीट राखलं होतं. फक्त एका खांद्यावर, लंबगोलाच्या अगदी कडेशी, दुसऱ्या कुणाची तरी तीन बोटं राहून गेली होती. त्यातलं मधलं बोट शेजारच्या दोन्हींपेक्षा आखूड होतं. नुसत्या डोळ्यांना ते कळत नव्हतं. संगणकाच्या पडद्यावर मोठं केल्यावर कळलं. शेवटचं पेर नव्हतंच.

कार्ड घेऊन आली होती डर्व्हला मनेली. आमच्या ड्रमकॅरा गावाच्या जुन्या फोटोंचं पुस्तक निघणार होतं आणि फोटो संगणकात उतरवून स्वच्छ करण्याचं काम माझ्याकडे होतं. जिल्ह्याच्या रुग्णालयात प्रयोगशाळेत आयुष्य गेल्यामुळे मला काचेवरचे डाग बघायची सवय आहे, म्हणून गावाने ते माझ्या गळ्यात घातलं.

"ईटा, याचं मोठं करून अख्खं पान करता येईल?" डर्व्हला म्हणाली. "बाबांचा दुसरा फोटोच नाही आमच्याकडे. लग्न तिकडे कॉव्हेंट्रीत झालं, कारखान्यात कामावर जायच्या आधी, चर्चमधल्या सकाळच्या मिस्साला. कॅमेरा कुठला असायला."

"करता येईल."

"आणि हा हात कुणाचा ग? लहानपणी मी याच्याशी बोलायचे. आईला विचारलं की म्हणते, असेल कुणाचा तरी."

मी म्हणाले, "फोटो फार लहान आहे." ते खोटं नव्हतं.

डर्व्हला गॉलवे शहरात नर्स आहे, चाळिशीची. बाप गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. तिने बाप पाहिला तो फक्त या कार्डावर. आणि कार्डावरचा माणूस तिचा बाप नव्हता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. फक्त तिला माहीत नव्हतं.

कोलमन मनेली ट्रॅक्टर उलटून गेला, टर्फच्या, म्हणजे जळणासाठी कापलेल्या दलदलीच्या मातीच्या, वाळलेल्या विटा घरी आणताना. आमच्याकडे माणूस गेला की महिनाभराने त्याच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, होते आणि तेव्हा स्मरणकार्डं वाटतात. लोक ती प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतात आणि वर्षानुवर्षं पानं उलटताना त्या माणसाचं तोंड बघतात. कोलमनचा एकच फोटो सापडला. टर्फ कापायच्या दिवशी सहाजण ओळीने उभे राहून काढलेला. चर्चचे धाकटे फादर गावात नवे होते. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात उलटा धरला, पाठीमागून दिसणाऱ्या आकृत्या मोजल्या आणि पाठीवरच लिहिलं, 'डावीकडून तिसरा'. छापखान्याने फोटो सुलटा धरून मोजलं. सहाजणांच्या ओळीत डावीकडून तिसरा आणि उजवीकडून तिसरा एकमेकांना लागून उभे असतात. छापून आला तो कोलमनचा थोरला भाऊ जारलथ, जो त्या वेळी स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलत होता.

माझे वडील सांगायचे, कार्डांचं पुडकं फोडलं तेव्हा डिम्प्ना, म्हणजे कोलमनची बायको, बघतच राहिली. ती तोंड उघडणार एवढ्यात सासूने एक कार्ड उचललं. म्हातारीला मोतीबिंदू होता. तिने कार्ड डोळ्यांपाशी नेलं, ओठांना लावलं आणि म्हणाली, "माझा कोलमन." डिम्प्नाने तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात ती कार्डं वाटत उभी राहिली. एकेकाने कार्ड घेतलं, पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि खिशात ठेवलं. एक शब्द कुणी काढला नाही. ज्या गावात कोंबडी खुडूक झाली तरी चार दारांत चर्चा होते, त्या गावाने हे चाळीस वर्षं पोटात ठेवलं. मी सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळ अद्भुत गोष्टी पाहिल्या आहेत. यापेक्षा मोठी नाही.

त्याच आठवड्यात जारलथने दाढी करणं सोडलं. तेव्हा आमच्याकडे कुणी दाढी ठेवत नसे. आम्ही पोरं त्याला बोकड म्हणायचो. तो हसायचा. डर्व्हला मोठी होत गेली, शेजारच्या दारात राहणाऱ्या काकाच्या खांद्यावर बसून जत्रेला गेली, त्याच्याकडून सायकल शिकली, आणि उशाशी ठेवलेल्या कार्डावरचं तोंड रोज तिच्या समोर दाढीआड वावरत असूनही तिला कधी ओळखू आलं नाही. फोटो निघायची वेळ आली की जारलथला हटकून गोठ्यात काम निघे.

आता ते पान करायचं की नाही, या विचारात मी दोन दिवस होते. तेवढ्यात क्लीव्हलंडहून कॅडन मंडळींचा बिस्किटांचा डबा आला. त्यांचे वडील आमच्या गावचे, साठच्या दशकात अमेरिकेला गेलेले. पुस्तक निघतंय कळल्यावर मुलीने होते ते सगळे फोटो पाठवून दिले. तळाशी तो फोटो होता. टर्फच्या ढिगापुढे सहाजण, बाह्या वर केलेल्या. छापखान्याने मूळ प्रत कधी परत केली नव्हती. ही दुसरी प्रत कॅडनबरोबर समुद्रापार गेली होती. डावीकडून तिसऱ्याच्या खांद्यावर चौथ्याचा हात होता. मधलं बोट आखूड. कोलमनचं ते पेर कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात गेलं होतं, हे मला वडिलांनी सांगितलेलं.

मी फोटो घेऊन डिम्प्नाकडे गेले. ती ब्रॅक भाजत होती. मनुका घातलेल्या त्या पावाचा वास फाटकापर्यंत येत होता. तिने हात पुसले, चष्मा न लावताच फोटो खिडकीपाशी नेला.

"कान," ती म्हणाली. "कान असे पुढे आलेले होते त्याचे. विसरलेच होते मी, ईटा. आठवायला गेले की हल्ली मला कार्डावरचेच कान दिसतात."

"डर्व्हलाला अख्खं पान हवंय. कार्डाचं."

"मला बोलली ती."

"रविवारी हॉलमध्ये सगळे फोटो दाखवायचेत. हा दाखवू?"

"बघू."

"डिम्प्ना."

"अगं, बघू म्हणाले ना. म्हातारी होती तोवर म्हातारीसाठी बघू म्हटलं. मग पोरीचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन होऊ दे म्हटलं. मग परीक्षा. आणि मग सांगून दाखवायचं काय होतं? हा तुझा बाप नव्हे, आणि खरा कसा दिसायचा ते माझ्याजवळ नाही, असं सांगू?"

"आता आहे."

"आहे." तिने फोटो ओट्यावर पालथा ठेवला आणि लगेच पुन्हा सुलटा केला. "पण चाळिशीत पोरीचा बाप काढून घ्यायचा? रोज रात्री ज्याला गुडनाइट म्हणाली तो? आणि जारलथ? तो चाळीस वर्षं तोंड झाकून बसला, ते उगीच?"

"त्याला विचारलंस का?"

"आम्ही दोघं यावर कधी बोललेलो नाही. एकदाही नाही." ती ओव्हनकडे वळली. "त्याला ब्रॅक द्यायला जाणारच आहे. फोटोही नेईन. पुढचं पुढे."

मी तिला सांगितलं की फोटो सर्वांत शेवटी ठेवीन, आणि तिने मान हलवल्याशिवाय बटण दाबणार नाही. "तुझ्या मानेवर सोपवते," म्हणाले.

"मानेला संधिवात आहे माझ्या," डिम्प्ना म्हणाली.

रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या, पोरं रंगमंचाच्या कडेला बसली. पुढच्या टेबलावर हेनेगन मास्तर वही उघडून तयार. पडद्यावर फोटो आला की लोकांनी नावं सांगायची आणि मास्तरांनी लिहायची. आमच्या गावात एकाच नावाचे पाच-सहाजण असतात, त्यामुळे नुसतं नाव सांगून भागत नाही, आजोबांपासून सुरुवात करावी लागते. पहिल्या फोटोलाच भांडण लागलं.

"कॅडनांचं गाढव ते!" पहिल्या रांगेतून बीझी ओरडली. बीझी ऐंशीची आहे आणि तिचा आवाज विशीचा.

"गाढव ओळखलंस, शाब्बास," मास्तर म्हणाले. "आणि दोर धरून कोण उभा आहे?"

"तो तुझाच बाप, बीझी," मागून कुणीतरी म्हणालं.

"होय की! तरी म्हटलं, दोघांत गाढव जास्त शहाणं का दिसतंय."

"मास्तर, गाढवाचं नाव लिहा आधी. त्याने कर आणि चर्चची वर्गणी दोन्ही वेळेवर भरली असती."

हॉल हसत होता. डर्व्हला आईशेजारी दुसऱ्या रांगेत होती, मांडीवर सँडविचची बशी. डिम्प्ना ताठ बसली होती, हातात पर्स. मी तिच्या मानेकडे बघत होते आणि ती पडद्याकडे.

फुटबॉलचा संघ झाला, पूर आलेला रस्ता झाला, बिशप आले तेव्हाची कमान झाली. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि गार वारा आत आला.

"कोण पाहुणे म्हणायचे हे?" दारापाशी कुणी विचारलं.

"पाहुणे कसले? डोळे फुटले का तुझे? जारलथ आहे!" बीझी खुर्चीवर पूर्ण वळली. "काय रे, चाळीस वर्षांनी तोंड धुतलंस होय?"

"थंडी वाजतेय, दार लावा," जारलथ म्हणाला.

दाढी नव्हती. कपाळ आणि गालांची हाडं वाऱ्याने तांबूस झालेली, आणि त्याखाली हनुवटीपर्यंत कातडी पांढरी, दगड उचलल्यावर खालचं गवत दिसतं तशी. एका जागी वस्तरा लागला होता, तिथे कागदाचा कपटा चिकटलेला. हसणारे हसता हसता थांबले. मोठ्या माणसांना आधी कळलं. एक रांग गप्प झाली, मग पुढची. तो मधल्या वाटेने सरळ चालत आला आणि डिम्प्नाच्या दुसऱ्या बाजूला बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पर्स मांडीवरून उचलून जमिनीवर ठेवली आणि हात मोकळे केले.

"काका, हे काय करून बसलास!" डर्व्हला हसत म्हणाली. "केवढा लहान दिसतोस." मग हसणं तसंच ओठांवर राहिलं. ती आईच्या पुढून थोडी वाकली. "थांब. इकडे बघ. कुणासारखा दिसतोस रे तू?"

जारलथने बघितलं. लपवलं काहीच नाही. साठी उलटलेलं तोंड त्याने तिच्यासमोर तसंच धरून ठेवलं, कॅमेऱ्यासमोर धरावं तसं.

"ईटा," डिम्प्ना म्हणाली. तिने मान हलवली. संधिवात असूनही चांगली खालीपर्यंत.

मी बटण दाबलं.

टर्फचा ढीग, सहाजण, बाह्या वर. ऊन समोरून असावं, सगळ्यांचे डोळे बारीक झालेले. एरवी फोटो आला की दहा आवाज उठत होते. आता कुणीच नाव सांगेना. बीझीने जपमाळ हातात घेतली होती. मास्तरांनी पेन वहीवर टेकवलं आणि मान खाली घातली. त्यांना सहाच्या सहा नावं तोंडपाठ होती. पण ती नावं सांगणं कुणाचं काम आहे, हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ते काम कुणीही डिम्प्नाच्या आधी करणार नव्हतं.

डर्व्हलाने पर्समधून कार्ड काढलं. कार्डाकडे पाहिलं, पडद्याकडे, काकाकडे. तिचं बोट त्या तीन बोटांवर गेलं आणि पडद्यावर त्यांच्या पुढचा हात, कोपर, खांदा असं शोधत निघालं.

"आई?"

डिम्प्ना उठून उभी राहिली. एक हात जारलथच्या खांद्यावर ठेवून ती उठली, आणि उठल्यावरही तो तिथेच राहिला.

"लिहा मास्तर," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "डावीकडून तिसरा जारलथ मनेली. कार्डावर जो आहे तो. त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा आहे, कान पुढे आलेला, तो कोलमन. माझा नवरा." मग ती मुलीकडे वळली. "डर्व्हला, तो तुझा बाप. जा, पुढे जाऊन नीट बघ. मला हे फार आधी सांगायचं होतं."