बर्फावर न उतरलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी हॉकीची काठी आहे. जुनी म्हणजे वयानं. कामाचं विचाराल तर मी जवळजवळ कोरीच राहिले, आणि माझं सगळं दुखणं तेच आहे.

माझा जन्म जालंधरचा. तुतीचं लाकूड वाकवून कारागिरानं मला घडवलं. १९९० साली नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानात दिगंबरकाकांनी मला उचललं. काका तरुणपणी रेल्वेच्या संघातून खेळलेले. चार दुकानं पालथी घालून, वीसेक काठ्या हातात तोलून त्यांनी मला पसंत केलं आणि अमेरिकेहून आलेल्या धाकट्या भावजयीच्या हवाली केलं. "पद्मजा, ही रव्याला दे. म्हणावं, काकानं निवडलीय."

रव्या म्हणजे रवींद्र, मिनेसोटात जन्मलेला त्यांचा पुतण्या. तो पगारी हॉकी खेळाडू होता, पण बर्फावरच्या हॉकीचा. पायांत पात्यांचे बूट, चेंडूऐवजी रबराची चकती, आणि काठी माझ्या दीडपट उंच. काकांना हॉकी म्हटलं की मैदान आणि चेंडू एवढंच दिसे. पद्मजाबाईंना फरक ठाऊक होता, पण थोरल्या दिरांचा उत्साह बघून त्यांची जीभ रेटेना. सतरंजीत गुंडाळून त्यांनी मला विमानात घातलं.

मला बघून रव्या पोट धरून हसला. मग त्यानं मला टेबलावर ठेवलं. "आई, आता काकांना कसं सांगू?"

"तूच बघ बाबा. मला नाही जमलं."

त्यानं फोन लावला. "काका, स्टिक एकदम मस्त आहे."

"मग गोल मार हिच्यानं."

"हो काका."

एवढ्याशा उत्तरानं माझं नशीब ठरलं. रव्याला मी दोष देत नाही. मुलानं कॉलेज सोडल्यापासून त्याचे वडील, डॉक्टर चंद्रशेखर, त्याच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नसत. मॅच कशी झाली, असं विचारणारं घरचं माणूस एकच होतं आणि ते नागपुरात होतं. त्या माणसाला दुखवायची रव्याची छाती झाली नाही.

पुढची आठ वर्षं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. ओहायो, पेनसिल्व्हेनिया, टेनेसी, ओक्लाहोमा, शेवटी टेक्सास. सकाळी फोन यायचा की तुला दुसऱ्या टीमकडे दिलंय, आणि दुपारी आमची बॅग बसच्या पोटात. मोठ्या लीगचं बोलावणं काही आलं नाही. मी बॅगेच्या तळाशी असायची. बाकीचे खेळाडू मला छत्रीची मूठ म्हणत. प्रत्येक मॅचआधी रव्या मला तीनदा हात लावायचा आणि दुसरी काठी घेऊन बर्फावर जायचा. त्या काठ्या महिन्याभरात मोडायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. भिंतीपलीकडून लोकांचा ओरडा ऐकू येई आणि मी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर पडून असे.

रविवारी काकांचा फोन ठरलेला.

"तिथलं मैदान कसं रे?"

"कडक आहे काका."

"वेगवान?"

"खूप."

"घसरतं का?"

"थोडं घसरतं."

"दव पडत असेल. सकाळची मॅच घेऊ नका म्हणावं."

रव्या तोंडावर हात धरून हसायचा. एका मॅचला त्यानं तीन गोल केले, तेव्हा "तुमच्याच स्टिकनं मारले" असंही सांगून बसला. काकांनी आळीभर संत्राबर्फी वाटली. बर्फाची गोष्ट मात्र त्यांच्या कानावर गेली नाही. "एकदा येऊन बघतो तुझा खेळ," ते दरवर्षी म्हणत, आणि रव्या दरवर्षी काहीतरी निमित्त काढी.

१९९८च्या वसंतात रव्याचे गुडघे संपले आणि टीमनं त्याला मोकळं केलं. तो बायकोसोबत, हर्षितासोबत, टेक्सासमधल्याच प्लेनो गावात राहू लागला. त्याच उन्हाळ्यात, बहात्तराव्या वर्षी, काका खरंच आले. ते यायच्या आदल्या दिवशी रव्यानं मला अंगणातल्या सिमेंटवर नेलं. आठ वर्षं खेळलेल्या काठीवर एक ओरखडा नाही, हे कसं चालेल? तो दगड घेऊन मला घासू लागला.

हर्षिता दारात उभी होती. "रवी, डोन्ट. सरळ सांगून टाक ना."

"अगं, आता काय सांगू? एट इयर्स झाली यार."

त्यानं मला पुढून घासलं, पाठीवरही घासलं. बर्फावरची काठी दोन्ही बाजूंनी चालते ना. सवयीचा माणूस तो, दुसरा विचार त्याच्या मनातही आला नाही.

काकांनी चहाच्या आधी मला मागितलं. मांडीवर आडवं घेऊन सपाट बाजूवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मग मला उलटं केलं. अंगठा माझ्या गोल पाठीवर थांबला.

"रव्या, ही बाजू चेंडूला लागली की फाऊल असतो रे."

रव्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. बर्फ, चकती, दगड, सगळं. काका रागावतील असं मला वाटत होतं. ते बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"वेड्या," ते म्हणाले, "आधी बोलला असतास तर बर्फावर बघायला आलो असतो. स्वेटर घालून बसलो असतो की."

रव्यानं दोन्ही हातांनी गुडघे धरले आणि तो रडला. आठ वर्षं त्यानं घरच्या एका प्रेक्षकाची वाट पाहिली होती, आणि त्या प्रेक्षकाला दारातून परत फिरवणारा तोच होता.

संध्याकाळी काकांनी टेनिसचा चेंडू मागवला आणि अंगणात मला हाती धरून एकच फटका मारला. चेंडू कुंपणापर्यंत गेला. माझ्या जन्मातला तो पहिला आणि शेवटचा फटका.

आता मी रव्याच्या भिंतीवर टांगलेली आहे. काका दोन वर्षांपूर्वी गेले. मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू धूळ पुसून जपा, असं सांगायची रीत आहे. मला फार जपलं, म्हणून मी ते सांगणार नाही. कोणी प्रेमानं दिलेली वस्तू तुमच्या कामाची नसेल, तर त्याला तसं सांगा. तो जरा खट्टू होईल, आणि मग खुर्ची ओढून तुमचा खरा खेळ बघायला बसेल. दिगंबरकाका नक्की बसले असते.