नव्या कप्तानबाई

धाकट्याला टीव्हीवरची नवी 'सातवी कक्षा' आवडली नव्हती, आणि ती आवडलेली नाही हे त्याने ती यायच्या कितीतरी आधीच जाहीर करून टाकलं होतं.

धाकटा म्हणजे तसा पन्नाशी उलटलेला माणूस. कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या जबड्यांचे साचे त्याच्याकडे पाठवत आणि तो मेणात एकेक दात बसवून कवळी तयार करून देई. ताईपुढे मात्र तो धाकटाच. लहानपणी दोघांनी मिळून जुनी 'सातवी कक्षा' पाहिली होती. 'चकोर' नावाचं अंतराळयान, त्याचा मिशाळ कप्तान, इंजिन सांभाळणारा मामा, आणि दार जोरात लावलं की थरथरणाऱ्या पुठ्ठ्याच्या भिंती. ताई नोकरीला लागली आणि ते सगळं विसरली. धाकटा विसरला नाही. त्याने चाहत्यांचा गट जमवला आणि त्या गटात तो 'कमांडर' झाला.

नव्या मालिकेची झलक आली तेव्हा कमांडरने गटापुढे तिची सालटीच काढली. "कप्तान कोण, तर शाम्पूच्या जाहिरातीतून उठून आलेली बाई. आणि सगळ्यांचे दात बघा, एका मापाचे, एका रंगाचे. अशी बत्तिशी मी गिऱ्हाइकाला दिली तर तो ती माझ्याच तोंडावर फेकेल."

जाड भिंगांच्या चष्म्यामुळे ज्याला सगळे दुर्बीण म्हणत तो त्याचा उजवा हात. तो खूश होऊन म्हणाला, "कमांडर, म्हणजे बघायचीसुद्धा गरज नाही."

"मुळीच नाही," कमांडर म्हणाला.

अशात ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यातला पडदा सुटला होता. डॉक्टरांनी तो बसवून आत वायूचा बुडबुडा सोडला आणि सांगितलं, बुडबुड्याने पडद्याला दाबून धरायला हवं, तेव्हा काही दिवस तोंड सतत खाली. बसायचं मान घालून, झोपायचं पालथं. ताईने उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला, तोही साहेबांसमोर मान ताठ ठेवून. ती भयंकर वैतागली. धाकट्याचं कामाचं ठिकाण तिच्या घराजवळ होतं, म्हणून संध्याकाळची सोबत त्याच्याकडे आली.

ताई टेबलावर ठेवलेल्या, मधे भोक असलेल्या उशीत तोंड घालून बसली होती. तिथूनच म्हणाली, "ती नवी सातवी कक्षा लाव."

"ताई, तो कचरा आहे."

"मग कचरा लाव. फरशी बघून बघून कंटाळले मी. मी ऐकते, तू दिसेल ते सांग."

धाकट्याने कपाळाला आठ्या घालून मालिका लावली. "आल्या कप्तानबाई. केस भुरभुर उडताहेत. यानात वारा कुठून आला ते देव जाणे. यान इतकं चकाचक की भांड्यांच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतंय."

"दिसतंय ते सांग म्हटलं. तुझी मतं नकोत. ती मी तुला बोलता यायला लागल्यापासून ऐकतेय."

तो गुरगुरला, पण सांगू लागला. टोमणे मारता मारता सांगायचं तर नीट बघावं लागतं, ही त्यातली गोची त्याच्या उशिरा लक्षात आली. कोण कुठे उभं आहे, कोणी कोणाकडे पाहिलं, दार कोणी लावलं. जरा गाळलं की ताई उशीतून विचारायची, "आत्ता पाऊल वाजलं ते कोणाचं?" आयुष्यभर तारेवरचे आवाज ओळखलेली बाई, तिला फसवणं कठीण.

"मामा आला," एकदा तो म्हणाला. "नवा मामा. टकला आहे, तोंड वाकडं करून बोलतो." मग जरा थांबून नाराजीनेच म्हणाला, "पुढचा दात दुसऱ्यावर चढलेला आहे. खोटा बसवलाय. पण बसवणाऱ्याला काम येतं."

"बरं झालं, एक तरी माणूस पास झाला."

"दात पास झाला. माणूस नाही."

गटात मात्र तो रोज नवे वाभाडे काढत होता. बघतोय हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सहन करावी लागतेय, आजारी बहिणीसाठी, असं तो स्वतःला सांगे.

मग तो भाग आला. मामाचा मृत्यू. जुन्या मालिकेत मामा यानाबाहेर दुरुस्ती करताना गेला होता, कप्तानाने खिडकीतून सलाम ठोकला होता, आणि गटातल्या लोकांच्या डोळ्यांत त्या सलामाच्या आठवणीने आजही पाणी यायचं. धाकटा हात चोळत बसला. आता हे दिवटे काय गोंधळ घालतात ते बघायचं होतं.

नवा मामाही बाहेर गेला आणि परतला नाही. सलाम नव्हता. संगीतही नव्हतं. आवाजच बंद झाला.

"काय चाललंय?" ताईने विचारलं.

धाकटा टीव्हीकडे सरकला.

"अरे, लाइट गेले का?"

"नाही. ती इंजिनाच्या खोलीत आलीय. एकटीच. हवेचा पंप बंद पडलाय. मामा लाथ मारून चालू करायचा, तो. ती लाथ मारतेय."

"मग?"

"होत नाहीये. कुठे मारायची ते तिला माहीत नाही. इकडे मारते, तिकडे मारते. आता खाली बसली. हाताने चाचपतेय. एका जागी रंग उडालाय. बुटाच्या टोकाएवढी जागा. मारून मारून उडालाय."

ताईने उशीतूनच कान टवकारले.

"तिने जागेवर पाय ठेवला. नुसता ठेवलाय. मारत नाहीये."

मग धप्प आवाज झाला आणि पंप घरघरू लागला, तो ताईलाही ऐकू आला. बराच वेळ तेवढीच घरघर चालली होती.

"जुना मामा गेला तेव्हा तू जेवला नव्हतास," ताई म्हणाली.

"सलाम काय ठोकला होता कप्तानाने."

"ठोकला होता. आणि पुढच्या भागात मामाचं नावही कोणी काढलं नाही. मी वाट बघत होते."

धाकट्याला उत्तर द्यायचं होतं. मालिकेचा शब्द न् शब्द त्याला पाठ होता. त्याने मनात पुढचा भाग उलगडून पाहिला आणि त्यात मामा खरंच कुठे नव्हता. इंजिन कोण चालवतंय याचीसुद्धा कोणाला फिकीर नव्हती. त्याला ताईचा राग आला, आणि तो राग तिच्यावरचा नाही हे कळल्यावर जास्तच आला.

दुसऱ्या दिवशी तो मेणात दात बसवत असताना दुर्बिणीचा फोन आला. "कमांडर, मामाच्या भागाची चिरफाड कधी? सलामसुद्धा नाही म्हणे. नतद्रष्ट लेकाचे."

"तू बघितलास?"

"बघायचंय काय त्यात? तूच म्हणाला होतास."

फोनवर आपणच बोलतोय असं धाकट्याला वाटलं, आणि ते बोलणं अतिशय फुसकं वाटलं. इतकी वर्षं हा माणूस आपल्याला हुशार कसा वाटत होता? आणि आपण?

"बघून बोल," तो म्हणाला. "नाहीतर तोंड बंद ठेव."

"कमांडर, तुला ती मालिका आवडली की काय?"

"केस भिकार आहेत तिचे," धाकटा म्हणाला आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत गटात बातमी पोचली. कमांडर फितूर झाला म्हणून लोकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. त्याने एकालाही उत्तर दिलं नाही. ज्यांनी बघितलंच नाही त्यांच्याशी काय बोलायचं?

आठवड्याने डॉक्टरांनी ताईला मान वर करायची परवानगी दिली. पडदा बसला होता. अजून धूसर दिसत होतं, पण खुर्ची पुढे ओढली की चालत होतं. धाकटा नेहमीच्या वेळी हजर झाला.

"आता मला दिसतंय," ताई म्हणाली. "तू घरी गेलास तरी चालेल."

"तुला कसलं दिसतंय? यान आणि इस्त्री यांतला फरक कळेल का तुला?" असं म्हणून त्याने तिच्याशेजारी दुसरी खुर्ची ओढली. पडद्यावर कप्तानबाई नकाशापुढे उभ्या होत्या आणि धाकट्याच्या मते अगदी चुकीच्या दिशेने निघाल्या होत्या. "अगं बाई, डावीकडे," तो स्वतःशीच पुटपुटला. "डावीकडे वळ. मरशील."