यशवंतले मारू नको

मित्रांनो, मी एक जुनी ओटी आहे. सणावारी खण-नारळाने भरतात ती ओटी मी नव्हे. एवढं कुठलं माझं नशीब! कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला फडक्याची झोळी बांधतात आणि बोंडातला कापूस काढून तिच्यात टाकत जातात, ती मी. आज मी राळेगाव तालुक्यातल्या एका घरात ज्वारीच्या कोठीवर झाकण म्हणून पडले आहे. उंदीर माझ्या कडा कुरतडतात. कुरतडोत बापडे! पण एक गोष्ट आठवली की अजूनही माझा धागान् धागा थरथरतो. मी मूळचीच भित्री आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कांताबाईच्या हिरव्या लुगड्यातून झाला. ते लुगडं नेसून ती एका वर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली होती, म्हणून ते फाटल्यावरही तिला टाकवेना. तिने चांगला भाग कापला, दुहेरी करून हाताने शिवला आणि आपल्या लेकीच्या, रुपालीच्या कमरेला बांधला. गाठ तिच्या पाठीशी आणि मी तिच्या पोटाशी. त्यामुळे तिची भूक, तिचं हसू आणि तिची भीती मला सगळ्यांच्या आधी कळायची.

ती वर्षं फार वाईट होती हो! कापसाला कोणी विचारत नव्हतं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या बंद पडत होत्या. संध्याकाळी कुठल्या घरातून रडणं ऐकू आलं, की गावातल्या बाया ‘काय झालं?’ असं विचारायच्या नाहीत. ‘कोण?’ एवढंच विचारायच्या. तो एक शब्द ऐकला की माझी शिवण आवळून यायची.

रुपाली पुसदला मावशीकडे शिकायला होती. तिथे तिने टीव्हीवरची एक मालिका पाहिली होती. त्यात इंदुमती नावाची सोशिक बाई आणि यशवंत नावाचा तिचा नवरा होता. शिक्षण सुटलं, रुपाली गावी परतली आणि वेचणीला येऊ लागली. गावात मालिकेच्या वेळेलाच नेमकी लाइन जायची. मग बाया वावरात तिच्या मागे लागायच्या, “पुढं काय झालं, सांग ना वं!” तिने पाहिलेलं सगळं सांगून टाकलं. ते संपल्यावर ती मनानेच रचून सांगू लागली. बायांना हे ठाऊक होतं, पण कोणाचीच हरकत नव्हती.

आमच्याकडे वेचणाऱ्या बायांची एक रीत आहे. मजुरी वजनावर; बोलणारीचे हात मागे पडतात, तिचा कापूस कमी भरतो. म्हणून जी गाणं म्हणेल किंवा गोष्ट सांगेल, तिच्या ओटीत बाकीच्यांनी आपल्याकडची मूठमूठ टाकायची. गोष्ट आवडली तर मूठ घट्ट, नाही आवडली तर नुसते चार तंतू. गोष्ट कशी झाली, हे रुपालीआधी मला कळायचं ते असं.

एकदा रुपालीने इंदुमतीला चांगले दिवस दाखवले. तिला सासूने जवळ घेतलं, अंगावर दागिने घातले. बाया जांभया देऊ लागल्या आणि मी रिकामीच लोंबत राहिले. दुसऱ्या दिवशी रुपालीने इंदुमतीच्या तान्ह्या लेकराला तापात घालवलं. अहाहा, काय मुठी पडल्या! बाया डोळे पुसत होत्या, नाक ओढत होत्या आणि माझ्यात कापूस कोंबत होत्या. त्या दिवसापासून रुपालीला वाट सापडली. इंदुमतीचं घर जळालं, भाऊ हरवला, डोळे गेले. मी फुगत गेले.

सगळ्यांत पुढे असायची रुबीना. ती जलाल मिस्त्रीची बायको. मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची. वावरात पाय ठेवताच ती ओरडायची, “काहून वं रुपाली, आज कोणाले मारतं?” एकदा ती यवतमाळला नणंदेकडे गेली, तेव्हा तिला खरी मालिका बघायला मिळाली. परत आली ती तणतणतच. “अवं, तिथं इंदुमती मोटारीत फिरून राह्यली! डोळे शाबूत, लेकरू शाबूत! सगळं खोटं दाखवते टीव्हीवाले!” बाकीच्यांनाही ते पटलं. आमची इंदुमतीच खरी, यावर सगळ्या वावराचं एकमत झालं.

मित्रांनो, बायांना एवढं दुःख कशाला आवडावं, असं मला आधी वाटायचं. हळूहळू समजलं. घरी रडलं तर लेकरं घाबरतात आणि शेजारीण ‘कोण?’ विचारत धावत येते. वावरात इंदुमतीसाठी रडायला कोणाची बंदी नव्हती. मनसोक्त रडून झालं की त्या झाडाखाली बसून चवीने भाकर खायच्या. त्या रडण्याची मला कधी भीती वाटली नाही.

भीती वाटायची ती सुखीबाईची. रुपालीच्या शेजारची रांग तिची असायची. ती कधीच रडायची नाही. नुसती विचारायची, “मंग तो काय बोलला? मंग तो कुठं बसला?” पाठ करत असल्यासारखी ओठांत पुटपुटायची. तिचा नवरा देवसिंग जिनिंगमध्ये कामाला होता. जिनिंग बंद पडली तसा तो घरी बसला आणि बसला तो भिंतीकडे तोंड करून. गावाला हे माहीत होतं. पण गावात तोंड फिरवून बसलेली माणसं काय कमी होती?

आणि रुपालीने नेमका तोच धागा ओढला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. आजूबाजूला जे दिसायचं ते तिच्या तोंडी यायचं. तिने यशवंतची गिरणी बंद पाडली. यशवंत अबोल झाला, भिंतीकडे तोंड करून बसू लागला. बायांचे हात मंदावले. कोणी हसेना, कोणी खोकेना. पण मुठी अशा पडल्या की माझी गाठ रुपालीच्या कमरेत रुतली. मग एका संध्याकाळी तिने गोष्ट अशी थांबवली, की इंदुमती काठी टेकत कामावरून घरी येते, तर यशवंतने आतून दाराची कडी लावलेली.

दुसऱ्या दिवशी बाया भल्या सकाळी हजर! “आज मार त्याले,” रुबीना म्हणाली. “अर्धवट नको ठेवू. मले आज पोटभर रडाचं हाय.” रुपाली ऐटीत म्हणाली, “जेवण होऊ द्या, मंग सांगतो.” तिने यशवंतला मारायचं ठरवलंच होतं. मला कळत होतं, तिचं पोट आनंदाने हलत होतं.

जेवणाच्या वेळी सुखीबाईने तिला खुणेने तुरीच्या ओळीमागे नेलं. तिथे तिने आपली ओटी सोडली आणि सकाळपासूनचा सगळा कापूस माझ्यात ओतला. मूठ नव्हे, सगळाच्या सगळा!

“हे काय वं काकी?” रुपाली हसली.

“घे. पण यशवंतले मारू नको.”

“अवं, गोष्ट हाय ते!”

सुखीबाईने तिचा हात धरला. “पोरी, माह्या घरचा माणूस दिवसभर येक शब्द बोलत नाही. लेकरायशी बी नाही. संध्याकाळी मी चुलीपाशी बसली का तो येवढंच इचारते, यशवंतचं काय झालं? तेवढ्यासाठी मी तुही गोष्ट पाठ करून नेतो. काल सांगतलं, यशवंतनं कडी लावली म्हणून. माह्या माणूस रातभर बसून होता. आज मी निघाली तं इचारते, आज समजन का?”

रुपालीचं हसू विरलं. “तू दुसरंच सांग ना मंग. वाचला म्हणून सांग.”

“मले रचता येत नाही वं. माह्या तोंडाकडे पाह्यलं का त्याले समजते.”

रुपालीचं पोट थरथरू लागलं, तशी मीही थरथरू लागले. आई गं, काय ती भीती! तोवर मी कापसाने जड व्हायचे. त्या दिवशी मला पहिल्यांदा ओझं वाटलं. रुपालीने तो कापूस तसाच सुखीबाईच्या ओटीत परत टाकला आणि रांगेकडे वळली.

दुपारी सगळ्या सरसावल्या. रुपालीचा आवाज कोरडा पडला होता. ती सांगू लागली, “इंदुमतीनं दार वाजवलं. आतून आवाज नाही. पुन्हा वाजवलं. आवाज नाही.” बायांनी श्वास धरले. रुपालीही थांबली. पुढचं तिलाच ठाऊक नव्हतं, हे फक्त मला कळत होतं. मग ती सावकाश म्हणाली, “इंदुमती म्हणाली, मी कुठंच जात नाही. इथंच बसली हावो. अन् ते दाराले पाठ लावून बसली. शेजारीण आली, ते बी बसली. शेजारची लेकरं आली, ते बी बसले. कोणी रडलं नाही, कोणी ओरडलं नाही. नुसते बसले. लय वेळानं कडी निघाली. यशवंत बाहेर आला अन् म्हणाला, भूक लागली.”

“बस?” रुबीना म्हणाली. “येवढंच? यासाठी रातभर झोप नाही लागली मले?”

एकही मूठ पडली नाही. चार तंतूसुद्धा नाहीत. मी पोटाला चिकटलेल्या चिंधीसारखी लोंबत होते. रुबीना आणखी काही बोलणार, तेवढ्यात सुखीबाई मटकन खाली बसली आणि रडू लागली. एवढ्या दिवसांत कधी न रडलेली सुखीबाई! बाया पाहतच राहिल्या. रुबीनाने तिच्याकडे पाहिलं, मग रुपालीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

“उठ सुखीबाई,” ती म्हणाली. “घरी चाल. आमी बी येतो.”

वेचलेला कापूस मोजून दिल्याशिवाय वेचणारी बाई वावर सोडत नाही. वावराचे मालक भगवानराव मागून हाका मारत राहिले. बाया कमरेच्या ओट्या न सोडता निघाल्या. कांताबाई सुखीबाईला हाताला धरून चालत होती. मी रुपालीच्या गुडघ्यांवर आपटत होते आणि मनात एकच म्हणत होते, कडी लावलेली नसू दे, कडी लावलेली नसू दे.

कडी आतून लावलेली होती.

सुखीबाईचा हात दारापर्यंत जाईना. रुपाली पुढे झाली. तिने दार वाजवलं. आतून आवाज नाही. पुन्हा वाजवलं. आवाज नाही. मित्रांनो, कापडाला काळीज नसतं म्हणतात. खोटं आहे ते.

मग कांताबाई खाली बसली. दाराला पाठ लावून बसली. तिच्या शेजारी रुबीना बसली. एकेक करत सगळ्या बसल्या. रुपाली दाराशी तोंड नेऊन म्हणाली, “काका, मी रुपाली. यशवंतचं सांगाले आलो. अन् आमी कुठंच जात नाही.”

किती वेळ गेला कोण जाणे. रुबीनाने तोंडात पदर कोंबला होता. आणि मग आतून आवाज आला. घोगरा, बरेच दिवस न वापरलेला.

“काय झालं त्याचं?”

“दार उघडा, मंग सांगतो.”

कडी निघाली. देवसिंग दारात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल, पण उभा होता! एवढ्या बाया पाहून तो गोंधळला आणि उंबऱ्यावरच बसला. रुपालीने त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, दाराशी बसलेल्या माणसांसकट. तो दाराशी बसलेल्या बायांकडे एकेक करून पाहत होता. गोष्ट संपली.

“असं कोणी बसत नाही कोणाच्या दाराशी,” तो म्हणाला. मग त्याचं लक्ष सुखीबाईकडे गेलं आणि त्याची मान खाली गेली. जरा वेळाने त्याने विचारलं, “उद्या काय होते मंग त्याचं?”

“उद्या या वावरात, तिथंच सांगतो,” रुपाली म्हणाली. सुखीबाई आत गेली आणि तिने चूल पेटवली.

तो लगेच आला नाही. बाया रोज संध्याकाळी त्याच्या दाराशी जाऊन बसायच्या आणि दिवसाची गोष्ट सांगायच्या. जलाल मिस्त्रीने त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी त्याला बोलतं केलं. पुढच्या हंगामात तो कापसाची गाठोडी उचलायला आमच्याच वावरात आला आणि वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभा राहून गोष्ट ऐकू लागला. गोष्टीत दुःख काही कमी झालं नाही बरं का! रुबीनाने आठवड्याभरातच यशवंतच्या सासऱ्याला मारायला लावलं आणि हुंदके देऊन रडली.

फक्त एक नवी रीत पडली. कोणाला मारायचं असेल त्या दिवशी रुपाली आधी वेचणं थांबवायची, सगळ्या रांगांवरून नजर फिरवायची आणि विचारायची, “आज कोणाच्या घरी कडी लागली हाय का वं?” एखाद्या दिवशी एखादी बाई मान खाली घालायची. मग त्या दिवशी गोष्टीत कोणी मरायचं नाही. मुठी मात्र पडायच्या, त्या मान खाली घातलेल्या बाईच्या ओटीत, आणि सुट्टी झाली की सगळ्या तिच्या घरी जायच्या.

मित्रांनो, आता मी विरले आहे. माझ्यात कापूस काय, ज्वारीही राहायची नाही. दुःखाच्या गोष्टी तुम्हालाही आवडत असतील. खुशाल सांगा, खुशाल ऐका, पोटभर रडा. पण सांगण्याआधी एकदा शेजारच्या रांगेकडे बघत जा. तिथे कोणी न रडता नुसतं ऐकत असेल, तर गोष्ट राहू द्या आणि तिच्यासोबत तिच्या घरापर्यंत जा.