पाइपातलं ऊन

हेमाने हेडफोन ओढणीने पुसले आणि मगच कानाला लावले. समोर बसलेल्या वरदला ते दिसलं, पण तो हसला. हा मुलगा दारात आल्यापासून हसत होता. दारावरची पाटी वाचून तर जास्तच: 'जाताना दार लोटून घेणे. माणूस ठेवलेला नाही.' त्याने पाटीचा फोटोही काढला होता.

"कसं वाटतंय, काकू?"

"माहेरी वाजायचं तसंच. फक्त तेव्हा कानाला डबडं लावावं लागत नव्हतं."

कोपऱ्यातल्या खुर्चीत शमशुद्दीन बशीतली आंब्याची डाळ खात होता. मार्केट यार्डातला कांद्याबटाट्याचा गाळा मुलाकडे, फैजकडे, सोपवल्यापासून त्याच्याकडे वेळच वेळ होता. तरी आज तो आपणहून आला नव्हता. हेमानेच बोलावलं होतं. 'अवधूतच्या गाण्यांची रेकॉर्ड काढणारा माणूस येतोय, तू हवास,' असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा पलीकडून बराच वेळ नुसतं खोकणं ऐकू आलं होतं.

कानात अवधूत गात होता. मागे शमशुद्दीनचं बुलबुलतरंग किणकिणत होतं, आवाज घुमून परत येत होता आणि त्या सगळ्यातून एक पक्षी मधेमधे टिवटिवत होता. अवधूतचा आवाज बारीक, पळता. शाळा सुटल्यावर पोरगं दप्तर टाकून सुटावं तसा.

*ऊन पडलं अंगणी, आता मी निघालो,*
*दार लोटून घ्या गं, मी निघालो.*

"कव्हरवर लिहिणार आहोत, 'वसंतात ऐकायचं कोवळ्या उन्हाचं संगीत'," वरद म्हणाला. "सायकेडेलिक फोक म्हणतात याला. पुण्यात त्या काळात कोणी असं काही करत होतं, हेच लोकांना खरं वाटत नाहीये. तो घुमणारा आवाज ऐका ना. दुसऱ्याच कुठल्या ग्रहावरून आल्यासारखा वाटतो."

"पाइपातून आलाय," शमशुद्दीन म्हणाला.

"म्हणजे?"

"तळजईच्या उतारावर महापालिकेचे सिमेंटचे पाइप पडले होते. ड्रेनेजचे. आम्ही त्यात बसून वाजवायचो."

"वॉव."

"वॉव काय त्यात? बाहेर ऊन लागत होतं."

हेमाला हसू आलं. अवधूतची आठवण निघाली की तिला हसू यायचं, आणि ते आईने लावलेलं वळण होतं.

अवधूत, तिचा भाऊ, चोविसाव्या वर्षी गेला. कालव्यात सापडला. वडिलांनी सांगितलं, पाय घसरला. पेठेत माणूस मेला की लोक चपला काढायच्या आधी कारण विचारतात. नारायण पेठेतल्या त्यांच्या घरीही विचारलं. ज्यांनी खोलीत माना डोलावल्या, तेच जिन्यात कुजबुजले. नोकरी नव्हती म्हणे. केस वाढवले होते, मुसलमानाच्या पोराबरोबर टेकडीवर बसायचा, काय ओढायचा कोण जाणे. मेलेल्या पोराला फाडून खाणारी ही माणसं पुढे वर्षानुवर्षं चैत्रातल्या हळदीकुंकवाला येत राहिली, डाळ खात राहिली आणि कैरी आंबट आहे म्हणत राहिली.

आईने त्यांच्याशी वाद घातला नाही. तिने टेप लावली. दर पाडव्याला गुढी उभारली की ती कॅसेट लावायची, आणि हळदीकुंकवाला एखादी बाई सहानुभूतीचा चेहरा करून बसली की मुद्दाम लावायची.

"जायच्या आठवडाभर आधीचं आहे," आई सांगायची. "ऐका. असा गाणारा मुलगा जिवाचं काही करत नसतो."

गाणं संपत आलं की ती हात वर करून सगळ्यांना गप्प करायची. शेवटी अवधूत हसायचा. बारीक, उचकी लागल्यासारखं, भरभर. "हसला बघा," आई म्हणायची आणि मग उठून कामाला लागायची. आई याच हसण्यावर म्हातारी झाली आणि याच हसण्यावर गेली. तिच्यामागे हेमाने बिबवेवाडीतल्या या फ्लॅटमध्ये पाडव्याला कॅसेट लावायचं चालू ठेवलं. गेल्या वर्षी तिच्या मुलाने, रविराजने, ती फोनवर उतरवून घेतली आणि इंटरनेटवर टाकली. तिथून ती कुठे कुठे गेली ते हेमाला कळलं नव्हतं. वरद मात्र तिच्या मागावर इथपर्यंत आला होता.

गाणं संपलं. अवधूत हसला. हेमाने हेडफोन काढले.

"त्या हसण्यावर तर लोक फिदा आहेत," वरद म्हणाला. "रील्सना तेवढंच लावतात. एकाने मांजराच्या व्हिडिओला लावलंय."

"मांजराच्या."

"खूप चाललाय तो व्हिडिओ, काकू."

"चालणारच. मांजराचं लोक कारण विचारत नाहीत."

वरदला ते कळलं नाही. त्याने लॅपटॉप जवळ ओढला. "आता एक गंमत सांगतो. तो पक्षी कुठला आहे हे मला कळेना. एका पक्षीवाल्या मित्राला ऐकवलं, त्यालाही कळेना. मग मी सहज स्पीड कमी करत गेलो, तर तो कोकीळ निघाला. साधा कोकीळ. म्हणजे आपण सगळे जे ऐकतोय ना..."

"ते राहू दे," शमशुद्दीन म्हणाला. "डाळ घे अजून."

"नको काका, झाली."

"मग पन्हं घे. हेमा, त्याला पन्हं दे."

हेमाने शमशुद्दीनकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात या माणसाने दुसऱ्याच्या घरात कोणाला आग्रह केला नव्हता. आता तो उठून उभा राहिला होता आणि रिकामी बशी दोन्ही हातांनी धरून होता.

"बस, शमशूदादा," ती म्हणाली. मग वरदकडे वळली. "स्पीडचं काय?"

"रेकॉर्ड करताना मशीनचे सेल उतरलेले असणार. सेल उतरले की टेप हळू फिरते. हळू फिरणाऱ्या टेपवर गाणं भरलं आणि नंतर घरच्या विजेवर नीट वेगाने लावलं, की सगळं पळतं. आवाज बारीक होतो. म्हणजे मूळ गाणं याहून बरंच संथ आहे. मी तेही करून आणलंय, पण ते काढायचा विचार नाही आमचा. फारच डाऊन वाटतं. वसंतात कोण ऐकणार?"

"लावा."

"हेमा," शमशुद्दीन म्हणाला.

"लावा म्हटलं ना."

तिने हेडफोन पुन्हा कानाला लावले. या वेळी पुसले नाहीत.

आधी कोकीळ आला. खिडकीबाहेरच्या जांभळावर सकाळपासून ओरडत होता, अगदी तसाच. मग बुलबुल आलं, पण ते किणकिणत नव्हतं. एकेक तार वाजायची आणि पाइपात घुमत राहायची, पुढची लवकर यायचीच नाही. आणि मग तो आवाज.

हेमाने टेबलाची कड धरली. हा आवाज ती विसरली होती, आणि विसरली आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. जाड, किंचित बसलेला. 'हेमे, माझा टॉवेल कुठाय' म्हणणारा. वडिलांच्या बोलण्याला उत्तर न देता जेवणाच्या ताटावर नुसता 'हं' म्हणणारा. आईने इतकी वर्षं सगळ्यांना जो ऐकवला तो भलताच कोणीतरी होता, आणि खरा तिचा भाऊ आज इथे, एका परक्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये बसून गात होता.

*ऊन पडलं अंगणी.* मग श्वास. *आता मी निघालो.*

तो कुठेही पळत नव्हता. प्रत्येक शब्दापाशी थांबत होता, निघवत नसल्यासारखा. *दार लोटून घ्या गं* म्हणताना त्याचा आवाज इतका खाली गेला की कोकीळच मोठ्याने ऐकू आला.

वरद फोन पाहत होता. शमशुद्दीन भिंतीकडे.

गाणं संपत आलं. हेमाचा हात आपोआप वर झाला, आई करायची तसा, सगळ्यांना गप्प करायला. खोलीत कोणीही बोलत नव्हतं. हात वरच राहिला. मग शेवटचा तो आवाज आला, हुंदक्याचा, आणि पूर्ण व्हायला त्याने फार वेळ घेतला.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. हात खाली घेतला.

"तुला माहीत होतं," ती शमशुद्दीनला म्हणाली.

"समोर बसलो होतो मी त्याच्या."

"तेव्हा काही विचारलं नाहीस?"

"विचारलं. म्हणाला, कफ झालाय." शमशुद्दीनने बशी खाली ठेवली. "ते मशीन मामूंनी कुवेतहून आणलेलं. सेल महाग मिळायचे. उतरले की आम्ही पाइपावर उन्हात मांडून ठेवायचो, थोडा जीव यायचा त्यांच्यात. त्या दिवशीही ठेवले. मी म्हटलं, अवधूत, यात काही उरलेलं नाही, उद्या नवीन घेऊन येऊ. तो म्हणाला, असू दे, आजच भरू."

खिडकीबाहेर कोकीळ ओरडला. वरदने फोन उलटा करून ठेवला. आता त्याचं हसू गेलं होतं.

"आणि घरी?" हेमाने विचारलं.

"तेरावं झाल्यावर मी मशीन घेऊन आलो. अम्मी म्हणाली, त्यांच्या मुलाचा आवाज आहे, त्यांच्याकडे दे. तुमच्या घरी लाइटवर लावलं, तर हे असं पळायला लागलं. मी बटण दाबून बंद करणार होतो. तुझी आई हसली."

हेमाने टेबलावरचे हेडफोन बाजूला सारले.

"तेरा दिवस त्या बाईने पाण्याचा घोट नीट घेतला नव्हता, हेमा. ती हसली आणि म्हणाली, हसला बघा. मग मी काय बोलणार होतो?"

"ती गेल्यावर तरी."

"ती गेल्यावर तू लावायला लागलीस."

हेमा उठली. बशा गोळा केल्या, स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवल्या. नळ सोडला आणि वाहू दिला. पाण्याचा अपव्यय झालेला तिला कधी खपत नसे, पण आज बराच वेळ नळ वाहत होता. मग तो बंद झाला आणि ती हात पुसत बाहेर आली.

"मी सॉरी, काकू," वरद म्हणाला. "मला खरंच कल्पना नव्हती. तुम्ही नको म्हणालात तर आपण काढायलाच नको."

"का नको? काढा."

"कुठल्या स्पीडचं?"

"पळणारं. तुमच्या लोकांना उन्हात बसून ऐकायचंय ना? ऐकू द्या. माझी आई त्याच्यावर जगली, लोकांना काय होतंय." ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "फक्त शेवटचं ते काढून टाका."

"हसणं?" त्याने सवयीने विचारलं आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, ते काढलं तर... लोकांना तेच तर आवडतं, काकू."

"लोकांचा भाऊ नव्हता तो."

वरदने मान हलवली.

"आणि हे दुसरं माझ्या फोनवर घालून द्या. रविराजला पाठवू नका. कुठे टाकू नका. आणि मला ते नेटवरून येणारं काही नको, फोनमध्येच राहील असं करा."

त्याने करून दिलं. शमशुद्दीनने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, घातला, पुन्हा काढला.

"मी पण निघतो," तो म्हणाला.

"तू बस," हेमा म्हणाली. "तू ते त्या दिवसानंतर ऐकलंयस का कधी?"

शमशुद्दीनने मानेनेच नाही म्हटलं.

"मग बस."

वरदने लॅपटॉप पिशवीत घातला, बूट चढवले. दारात पोचल्यावर त्याची नजर पाटीवर गेली. तो बाहेर पडला आणि पाटीत सांगितल्याप्रमाणे, आवाज होणार नाही अशा बेताने, दार ओढू लागला.

"राहू दे," आतून हेमा म्हणाली. "उघडंच राहू दे."