गेटाबाहेर न गेलेला स्ट्रेचर

मित्रांनो, जुनी वस्तू म्हटली की वापरून वापरून झिजलेलं काहीतरी तुमच्या डोळ्यांसमोर येतं. माझं तसं नाही. मी जुना झालो तो नुसता पडून राहून. मी चाकणच्या एका कारखान्यातला स्ट्रेचर आहे. जखमी माणसाला उचलून दवाखान्यात न्यायचं, एवढ्यासाठीच मला बनवलं. तेवढं एक सोडून बाकी सगळी कामं या लोकांनी माझ्याकडून करून घेतली. मला या कंपनीची किळस आली आहे, आणि ती आज तुमच्यापुढे बोलून दाखवणार आहे.

माझा जन्म तळवड्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळ्या आणि मधे खाकी कॅनव्हास. तो कॅनव्हास शिवणाऱ्या दुर्गाबाई भारी कडक. शेडचा मालक म्हणाला, एकेरी शिलाई मारा, माल लवकर द्यायचाय. बाई मान वर न करता म्हणाल्या, "ह्याच्यावर मानूस निजनार हाय. तुमी जावा तिकडं." आणि त्यांनी दुहेरी शिलाई मारली. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! वाटलं, आपल्या हातून माणसांचे जीव वाचणार.

कंपनीत मी आलो तो ऑडिटच्या आदल्या दिवशी. माल घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला येणार होती, म्हणून घाईघाईने मला विकत आणलं आणि प्रथमोपचाराच्या खोलीत भिंतीला टेकवून उभं केलं. पाहुण्यांनी माझ्यावरून हात फिरवला, माना डोलावल्या, फोटो काढला. कंपनीला सुरक्षेचं प्रशस्तिपत्र मिळालं आणि ते काचेच्या चौकटीत लागलं. पाहुण्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली नाही तोच मला कपाटामागे ढकलून दिलं.

पुढे काय काय वाहिलं मी! दिवाळीच्या मिठाईचे बॉक्स वाहिले. गणपतीचं मखर वाहिलं. कँटीनच्या सोजरबाईंनी उन्हाळ्यात माझ्यावर कुरडया वाळवल्या, पण त्यांच्यावर माझा राग नाही. त्या कुरडया शेवटी कामगारांच्याच ताटात पडल्या. राग आहे तो सुपरवायझरवर. जेवण झालं की तो माझ्यावर आडवा व्हायचा, पायातले बूटसुद्धा न काढता, आणि खुशाल घोरायचा.

म्हणजे कारखान्यात कुणाला लागतच नव्हतं, असं समजू नका. कुणाचं बोट जायचं, कुणाचा हात भाजायचा. पण त्यांना माझ्यावर निजवायची बंदी होती! एक जण पुढे, एक मागे आणि मधे तो विव्हळणारा, असं मोटारसायकलवर ट्रिपल सीट बसवून त्याला मागच्या फाटकाने न्यायचे. ही युक्ती शेखर साहेबांची. माणसं घेणं, माणसं काढणं आणि असल्या भानगडी दाबणं हे त्यांचं खातं. बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आपला सख्खा भाऊच. ते सांगायचे, "स्ट्रेचर गेटाबाहेर गेला की टपरीवाल्यालासुद्धा कळतं अपघात झाला. मग वॉचमन लिहिणार, मग सरकारी माणूस येणार, मग भरपाई. बाईकवरून तिघं गेले, तर घरी चाललेत म्हणायचं." शी! माणसाच्या वेदनेपेक्षा यांना टपरीवाल्याची भीती जास्त.

आता नवनाथचं सांगतो. नवनाथ परभणीकडचा. मोशीला एका खोलीत बायको विजयश्री आणि लहान मुलगी यांच्यासोबत राहायचा. तो ठेकेदाराचा कामगार होता. म्हणजे घाम कंपनीत गाळायचा, पण कंपनीने त्याला आपला म्हणायचं नाही. "पुढच्या वर्षी परमनंट करतो" हे गाजर दाखवून दाखवून त्याला कित्येक वर्षं राबवलं होतं.

त्या दिवशी दुपारी पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचा भला मोठा लोखंडी साचा साखळीला टांगून हलवत होते. साखळी कुरकुरते आहे, हे नवनाथनेच आधी सांगितलं होतं. "चालतंय रे, दिवाळीनंतर बदलू," असं उत्तर मिळालं होतं. दिवाळीपर्यंत साखळी टिकली नाही. साचा खाली आला आणि नवनाथचा उजवा पाय त्याच्याखाली सापडला.

आमच्या खोलीचा शिपाई ज्योतीराम. मलमपट्टी तोच करायचा आणि साहेबांचा चहाही तोच आणायचा. साहेबांनी सांगितलेलं करायचं आणि न सांगितलेलं आधी विचारायचं, असा त्याचा स्वभाव. पण त्या दिवशी आरडाओरडा ऐकला मात्र, त्याने कुणालाही विचारलं नाही. माझ्यावरचे बॉक्स धाडकन खाली ढकलले, मला खांद्यावर टाकलं आणि पळत सुटला. मित्रांनो, माझं अंग अंग ताठ झालं. इतक्या वर्षांनी मला माझं काम मिळणार होतं.

दारात शेखर साहेब आडवे आले.

"कुठं निघालास?"

"सायेब, नवनाथचा पाय चिरडलाय!"

"दिसतंय मला. ठेव तो आत. सगळं रेकॉर्डवर आणतोस का? बाईक काढा रे कुणीतरी!"

ज्योतीराम घुटमळला आणि मागे फिरला. मला त्याने पुन्हा भिंतीला टेकवलं. खिडकीतून मी पाहिलं. बाईकवर दोघांच्या मधे नवनाथला कोंबलं होतं. त्याचा पाय कुणाच्या तरी शर्टात गुंडाळलेला होता आणि खाली लोंबत होता. चाकणच्या खड्ड्यांतून ती गाडी कशी गेली असेल!

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढचं मला कळलं ते ज्योतीराम आणि सोजरबाई यांच्या बोलण्यातून. शेखर साहेब दवाखान्यात नवनाथच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "भावा, बाईकवरून पडलो असं सांग. सगळा खर्च कंपनी करते. बरा झालास की टेबलावरचं काम, परमनंट. माझा शब्द." ज्या शब्दासाठी नवनाथचे कान आसुसले होते, तो पाय गेल्यावर तरी मिळतोय, असं त्या बिचाऱ्याला वाटलं. डॉक्टरांनी विचारल्यावर त्याने सांगितलं, बाईकवरून पडलो.

इकडे कारखान्यात काय चाललं होतं, ऐका. त्या प्रेसची दृष्ट काढत होते! मशीनला लिंबू-मिरची बांधली, हार घातला. पूजेचे नारळ आणि पेढ्यांचे खोके कशावरून नेले असतील? माझ्यावरून. ज्या वाटेने नवनाथला न्यायचं होतं, त्याच वाटेने मी नारळ वाहिले. नारळ फोडले, पेढे वाटले, सगळ्यांनी हात जोडले. साखळी मात्र तीच होती, तुटली तिथे नवी कडी घालून पुन्हा टांगलेली. थुंकता आलं असतं तर मी तेव्हाच थुंकलो असतो.

नवनाथ दवाखान्यातून घरी आला आणि साहेबांनी हात झटकले. कंपनीचं म्हणणं असं, की आमच्याकडे अपघात झालाच नाही. हा माणूस त्या दिवशी कामावर नव्हता, रस्त्यावर पडला, त्याच्याच तोंडचं आहे. विजयश्री गेटवर आली तेव्हा तिचा आवाज माझ्या खोलीपर्यंत ऐकू आला.

"माझ्या नवऱ्याचा पाय तुमच्या मशीनखाली गेला, अन् तुम्ही म्हणता तो आलाच नव्हता? काही लाज हाय का न्हाई?"

शेखर साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

पण ती वाटेला लागणारी नव्हती. तिने वकील गाठला आणि नुकसानभरपाईचा दावा लावला. आता सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. अपघात कारखान्यात झाला, हे सिद्ध व्हायला हवं होतं. नाही झालं तर भरपाई नाही, कृत्रिम पाय नाही, काहीच नाही. नवनाथसोबत काम करणारे सगळे मूग गिळून गप्प बसले. त्यांनाही परमनंट व्हायचं होतं ना!

मग जागेची पाहणी करायला सरकारी अधिकारी आल्या. आम्रपाली मॅडम. त्यांच्यासोबत विजयश्री आणि कुबड्या घेतलेला नवनाथ. अपघात कुठे झाला ते त्याने दाखवायचं होतं. गेटपासून प्रेसच्या शेडपर्यंत सगळी खडी पसरलेली. कुबडी रुतायची, निसटायची. माझ्या खोलीसमोर येईतो तो घामाने निथळला आणि मटकन पायरीवर बसला.

शेखर साहेबांना वाटलं, माणुसकी दाखवायची ही बरी संधी आहे. ते मॅडमना ऐकू जाईल असं ओरडले, "अरे ज्योतीराम! बघतोस काय? स्ट्रेचर आण! माणसाला त्रास होतोय, कळत नाही का?"

ज्योतीरामने मला उचललं. पालथ्या हाताने धूळ झटकली. दारापर्यंत आला आणि उंबऱ्याच्या आत थबकला.

"सायेब, भायेर काढू न्हवं? मागनं वरडू नका. ह्याचा पाय चिरडला त्या दिशी तुमीच दारातनं माघारी फिरवला हुता, रेकॉर्डवर येतंय म्हनून."

तो हे भोळेपणाने बोलला की मनात साठवून ठेवलं होतं ते बोलला, मला आजही सांगता येणार नाही. शेखर साहेबांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"काय बरळतोस तू!"

"बरळत न्हाई सायेब. इचारतोय."

आम्रपाली मॅडम पुढे झाल्या. "घाबरू नका. काय म्हणालात ते पुन्हा सांगा, सावकाश." मग ज्योतीरामने सगळं सांगितलं. साचा, साखळी, शर्टात गुंडाळलेला पाय, बाईक, मागचं फाटक. तेवढ्यात पिठाने भरलेल्या हातांनीच सोजरबाई कँटीनमधून आल्या. "माझ्याबी डोळ्यांदेखत झालंय. माझं नाव लिवा, मॅडम." त्यांच्यामागून प्रेसवरचे दोघे आले आणि मग आणखी काही जण.

कुणीतरी नवनाथला म्हणालं, "दादा, निज ह्याच्यावर. उचलून नेतो शेडपर्यंत." नवनाथने माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होतो, मित्रांनो. खरंच बघत होतो.

"आता काय करू ह्याचं?" तो म्हणाला. "तवा पायजे होता."

आणि कुबड्या सावरून उठला. विजयश्रीने त्याच्या दंडाला धरलं आणि दोघं त्या खडीवरून चालत शेडपर्यंत गेले. त्याने बोट दाखवून जागा दाखवली.

पुढे निकाल नवनाथच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली, कृत्रिम पाय बसला. ते ऐकून मला आनंद झाला, पण तुम्हाला वाटेल तेवढा नाही. कारण ज्योतीराम आता इथे नाही, त्याला काढून टाकलं. आणि शेखर साहेब आहेत, तसेच गोड बोलत.

माझी मात्र बढती झाली. निकालानंतर मला शेडच्या भिंतीवर लाल पेटीत ठेवलं आहे. पेटीला समोरून काच आहे, वर मोठ्या अक्षरांत ‘अपघात झाल्यास वापरा’ अशी सूचना आहे आणि खाली कुलूप आहे. किल्ली शेखर साहेबांच्या खिशात असते आणि ते सहाला घरी जातात. शेडमध्ये काम मात्र तिन्ही शिफ्टना चालतं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाचे आईवडील कारखान्यात जात असतील. तुमच्यातलेही काही जण उद्या जातील, कामगार म्हणून किंवा साहेब म्हणून. भिंतीवर अशी पेटी दिसली तर तिच्यासमोर नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका. किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, आणि कुणाला लागायच्या आधी विचारा.